अक्रोडाशी अबोला

माझ्या दादाला माणसं दातांवरून लक्षात राहतात. नाव विसरेल, चेहरा विसरेल, पण समोरच्यानं एकदा तोंड उघडलं की झालं. "अरे, हा तर तो, वरचा सुळा जरा बाहेर असलेला!" म्हणत तो रस्त्यात एखाद्याला मिठी मारतो आणि तो बिचारा घाईघाईनं तोंड मिटून घेतो. दादाचा धंदाच कवळ्या करण्याचा. दवाखान्यांतून डॉक्टर ठसे पाठवतात, दादा त्यांत प्लॅस्टर ओततो, मेणाची हिरडी घडवतो, तिच्यात एकेक दात बसवतो, आणि थोड्याच दिवसांत कुणीतरी म्हातारा पुन्हा पाव चावायला मोकळा होतो.

घराची पुढची खोली म्हणजे त्याचा कारखाना. खिडकीशी टेबल, टेबलावर मान वाकवलेला दिवा, घासायचं चाक, गुलाबी पावडरीचा डबा. भिंतभर फळ्या आणि फळ्यांवर प्लॅस्टरचे जबडे. नव्या पाहुण्याला वाटतं, एवढी माणसं मिळून आपल्यालाच हसताहेत. सगळ्यांवर पांढरी धूळ. दादाच्या भुवयांवरही तीच धूळ, त्यामुळे तो तरुणपणापासूनच म्हातारा दिसत आला आहे.

मी त्याची धाकटी बहीण. आयुष्यभर बसच्या तिकीट खिडकीत बसले, त्यामुळे माझा आवाज चढा आणि सहनशक्ती उतरलेली. हे आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढं कुणी मनाला लावून घ्यायला नको.

घराच्या मागं अंगण आहे आणि अंगणाच्या कोपऱ्यात काळ्या अक्रोडाचं झाड. ते आमच्या वडिलांनी लावलं. वडील गेले तेव्हा दादा नुकता कामाला लागला होता. त्या वर्षी त्यानं स्वयंपाकघरातली एक खुर्ची उचलून झाडाखाली नेली ती कायमची. संध्याकाळचा चहा तिथंच, वर्तमानपत्र तिथंच, माझ्याशी भांडणंही तिथंच. त्या अक्रोडाचं कवच असं टणक की अडकित्ता हात टेकतो. दादा पिशव्या भरभरून ते गल्लीत वाटायचा. मग कुणीतरी शहाणा ते दातांनी फोडायला जायचा आणि आठवड्याभरात गाल धरून दारात उभा. "झाड माझं भागीदार आहे," असं दादा म्हणायचा आणि प्रेमानं खोडावर थाप मारायचा. वहिनीला ती थाप कधी आवडली नाही. "मला नाही कधी इतक्या मायेनं थोपटलं," म्हणायची.

वहिनी शाळेत गणित शिकवायची. शांत बाई, पण चिवट. उत्तर आलं नाही तर पान उलटून पुढं जाणाऱ्यातली नव्हती. तिच्या माहेरी स्वयंपाकघराच्या खिडकीखाली हायड्रेंजियाचं मोठं झुडूप होतं. निळे, डोक्याएवढे गेंद यायचे त्याला. तिची आई भांडी घासता घासता त्यांच्याकडं बघायची आणि वहिनी त्याच खिडकीच्या कट्ट्यावर वही ठेवून गणितं सोडवायची. लग्न होऊन आली तेव्हा तिनं दादाकडं मागितलं ते एवढंच. आपल्याही खिडकीखाली निळे गेंद असावेत. आता ही काय चंद्र मागितल्यासारखी मागणी होती का? पण तिच्या नशिबी तेवढंही नव्हतं.

माहेरी गेली की ती ओल्या फडक्यात गुंडाळून एक फांदी आणायची. आधी ती पेल्यात ठेवायची, मुळं फुटली की दादाला हाक. दादा धूळभरल्या भुवयांनी फावडं घेऊन मागं जायचा. वहिनी आत ओट्यापाशी, नळासमोर उभी राहायची, कारण बघायचं होतं ते तिथूनच. दादा बाहेरून फांदी धरून ओरडायचा, "दिसतंय का?" आणि वहिनी आतून म्हणायची, "थोडं डावीकडे घ्या." दर वेळी थोडं डावीकडे. मी एकदा म्हटलंही, पहिल्यापासूनच डावीकडे खड्डा खण ना रे बाबा. पण दोघांना तो खेळ आवडायचा असावा. मला संसारातलं फारसं कळत नाही.

फांदी लागायची, दोन-चार नवी पानं यायची. मग ऊन वाढलं की एके सकाळी सगळी पानं मान टाकून बसलेली. बुडाशी माती ओली, पण रोप तहानेनं व्याकूळ. वहिनी आणखी पाणी घालायची, सावली करायची, खड्डा बदलायची. दादाही मागं राहिला नाही. पानगळ झाली की अंगणभर पडलेली अक्रोडाची पानं आणि काळ्या साली झाडून तो त्या रोपाभोवती पांघरूण घातल्यासारख्या रचायचा. "थंडी लागणार नाही, आणि कुजून खतही होईल. झाडाचं झाडाला." इतक्या काळजीनं तो ते करायचा की मलासुद्धा माझी जीभ आवरावी लागे. पुढच्या उन्हाळ्यापर्यंत त्या पांघरुणात एक काळी काडी उरायची.

असं किती वेळा झालं, मोजलं नाही. वहिनीनं मात्र गणितासारखा विचार केला. पाणी तपासलं, ऊन तपासलं, खड्डा बदलला, फांदी तर दर वेळी धडधाकट. सगळं वजा करून झाल्यावर तिला एकच गोष्ट उरलेली दिसली. "माझ्या हातालाच यश नाही," ती म्हणाली. दादा चेष्टेत म्हणायचा, "तू पोरांना शिकव, झाडांच्या नादी लागू नको. ती तुला घाबरतात." ती हसायची. पण मी आयुष्यभर काचेमागून माणसांचे चेहरे वाचलेत. ते हसू वरवरचं होतं.

एकदा तिनं माहेराहून दोन फांद्या आणल्या. येताना माझ्याकडं थांबली. मी राहते तिसऱ्या मजल्यावर, एका खोलीत. गॅलरी एवढी, की उभं राहून दोन्ही हात पसरले तर दोन्ही कठडे लागतात. वहिनी म्हणाली, "वन्सं, एक फांदी तुमच्याकडे राहू द्या. माझ्याकडं मरायचीच आहे, तुमच्याकडं तरी जगेल." गॅलरीत एक फुटकी बादली होती. खालच्या दुकानातून मातीची पिशवी आणवली. मला नखात माती गेलेली खपत नाही, म्हणून मी दारात उभी राहून सूचना देत होते आणि वहिनी बाही वर करून माती भरत होती, बोटानं भोक पाडत होती, फांदी लावून हलक्या हातानं माती दाबत होती. लहान मुलाला निजवल्यावर पांघरूण सारखं करावं तसं.

ती फांदी जगली. नुसती जगली नाही, बादली फोडून निघेल अशी वाढली. दोन उन्हाळ्यांनी गेंद आला. निळा नव्हे, चांगला लठ्ठ गुलाबी. मातीचा गुण असतो म्हणे. वहिनी बघायला आली, गेंदापाशी वाकली आणि खदखदून हसली. "अगंबाई, हा तर ह्यांच्या टेबलावरचा रंग! हिरडीचा!" हसता हसता तिनं डोळे पुसले. जाताना माझे दोन्ही हात हातात घेऊन म्हणाली, "वन्सं, तुमच्या हाताला यश आहे." मी म्हटलं, "मी काय करते? भाजी धुतलेलं पाणी ओतते." ती म्हणाली, "तेच तर."

पुढं तिची आई गेली, घर विकलं गेलं. नव्या मालकानं गाडी ठेवायला जागा केली आणि खिडकीखालचं झुडूप उपटलं. वहिनीच्या हातात शेवटची एक फांदी होती, पेल्यात मुळं फुटलेली. ती तिनं लावलीच नाही. शेजारच्या गल्लीतल्या एका बाईला देऊन टाकली. "त्या बिचारीला तरी कशाला मारायचं," एवढंच म्हणाली. त्यानंतर तिनं खिडकीखाली काही लावलं नाही. भांडी घासताना ती खाली बघायची.

आणि मग ती गेली. आजार लांबला, त्याबद्दल मला लिहायचं नाही. दादा पुढच्या खोलीत काम करत राहिला, मागच्या खोलीत जेवत राहिला, आणि संध्याकाळी झाडाखाली बसत राहिला. दोन कप चहा करायचा आणि दुसरा थंड झाला की अक्रोडाच्या बुडाशी ओतायचा. मी काही बोलले नाही. माझ्यासारखीनं न बोलणं म्हणजे काय, ते ओळखणाऱ्यांनी ओळखावं.

त्याच सुमारास एका डॉक्टरांनी त्याच्याकडं एक बाई पाठवल्या. दातांचा रंग जुळवायला आणि मेणाची कवळी तोंडात बसवून बघायला. रोपांची नर्सरी चालवणाऱ्या, ठेंगण्या, उन्हानं रापलेल्या, माझ्यापेक्षाही तोंडाळ. तोंडात मेणाचे दात आहेत, बोलायचं नाही, असं दादानं बजावल्यावर त्या जेमतेम एवढा वेळ गप्प राहिल्या की दादाचा आरसा पुसून होईल. मग मधल्या दारातून त्यांना मागचं अंगण दिसलं. त्यांनी सरळ कवळी काढून हातात धरली.

"काळा अक्रोड ना हो तो? छान वाढलाय. त्याच्याजवळ फुलझाड मात्र जगत नसेल तुमचं."

दादाच्या हातातला आरसा तसाच राहिला. "का बरं?"

"का म्हणजे? ते झाड मुळांतून, पानांतून, सालींतून एक रस मातीत सोडतं. दुसऱ्याला शेजारी उभं राहू देत नाही. काही झाडांना चालतं, काहींना अजिबात नाही. गुलाबी, निळ्या गेंदाची असतात ना, हायड्रेंजिया, ती तर पटकन मान टाकतात. लोक बिचारे पाणी घालत बसतात. पाण्याचा काय संबंध?"

"आणि त्याची पानं," दादानं विचारलं, "वाळलेली... रोपाच्या बुडाशी घातली तर?"

"मग काय, सोन्याहून पिवळं!" बाई म्हणाल्या. "मारेकऱ्याला घरात बोलावून जेवायला वाढल्यासारखंच." आणि समोरच्या माणसाचा चेहरा बघून त्या, ज्यांना कुणी गप्प करू शकलं नव्हतं, गप्प झाल्या. मुकाट्यानं त्यांनी मेणाचे दात तोंडात घातले.

मला दादाचा फोन आला तेव्हा मी जेवत होते. "धाकटे," तो म्हणाला, "तिचा हात चांगला होता गं." मला काही कळेना. मग त्यानं सगळं सांगितलं. मध्ये मध्ये थांबत होता. "मी दरवर्षी माझ्या हातानं विष वाढलं. वर तिची चेष्टा केली. आणि ती जाताना हेच घेऊन गेली की आपला हात वाईट. आता तिला कसं सांगू?" मी म्हटलं, "तुला तरी कुठं माहीत होतं?" पण असल्या बोलण्यानं कुणाचं समाधान झालंय? फोन ठेवला तेव्हा ताटातलं सगळं गार झालं होतं.

दुसऱ्या दिवसापासून दादानं अक्रोडाशी अबोला धरला. हसू नका, खरंच धरला. खुर्ची आत आणली. चहा पुढच्या खोलीत, जबड्यांच्या संगतीत. अक्रोड पडले ते पडून राहिले, सालींचं काळं पाणी फरशीवर उतरलं. गल्लीतली माणसं पिशव्या घेऊन येऊन गेली. खोडाला पाठ करून तो कपडे वाळत घालायचा. मग एके दिवशी त्यानं झाड तोडणाऱ्याला बोलावलं. तो दोर घेऊन येणार, त्याच्या आदल्या दिवशी नर्सरीवाल्या बाई पक्की कवळी न्यायला आल्या आणि तोंडभर नव्या दातांनी त्याच्यावर खेकसल्या, "तोडून काय होणार? मुळं जमिनीतच राहणार. माती वर्षानुवर्षं तशीच राहते. तुम्ही आणि मी असू का तोवर?"

"मग मी काय करू?" दादानं विचारलं.

"त्याच्याशी जमवून घेणारी झुडपं असतात. जास्वंदीच्याच जातीतलं एक आहे, सुंदर फुलतं. देते मी."

"जमवून घेणारं नको," दादा म्हणाला. "जमवून तिनं पुष्कळ घेतलं. तिला जे हवं होतं तेच हवंय."

त्या म्हणाल्या, मग जमिनीला शिवू देऊ नका. उंच पेटी करा, बाहेरची माती घाला आणि अक्रोडाचं एक पान आत पडू देऊ नका. दोरवाल्याला निरोप गेला, येऊ नको. दादानं जाड फळ्यांची लांबरुंद पेटी केली, आतून पत्रा मारला, आणि दातांच्या दवाखान्यातल्या मोडक्या स्टुलांची चाकं काढून तिला खालून बसवली. कवळी जशी घासतो तशीच पेटीची कड घासून गुळगुळीत केली. त्या पेटीत जेवण वाढलं असतं तरी चाललं असतं.

मग तो माझ्याकडं आला. गॅलरीत जाऊन माझ्या झुडपासमोर उभा राहिला आणि म्हणाला, "हे मला दे."

एव्हाना ते झुडूप खालच्या दुकानातल्या पोराच्या हातून बादलीतून पिंपात गेलं होतं. इमारतीतली माणसं मान वर करून बघायची. माझ्याकडं बघण्यासारखं दुसरं आहे काय? मी म्हटलं, "फांदी ने. दहा ने. झाड कशाला?"

"फांदी मी लावली तर हात माझा. मला तिच्या हातचं लावलेलं हवंय."

"मग हे कुठं तिच्या हातचं आहे?" मी तोऱ्यात म्हटलं. "सगळी इमारत म्हणते, माझ्या हाताला यश आहे. तीसुद्धा म्हणायची."

दादानं माझ्याकडं पाहिलं. रागानं नाही, अगदी सावकाश म्हणाला, "धाकटे, तू कधी मातीत हात घातलायस?"

 दारात उभी असलेली मी आणि बाही वर करून वाकलेली वहिनी मला लख्ख दिसली. तिनंच माती भरली, तिनंच भोक पाडलं, तिनंच फांदी दाबून बसवली. जी एकच फांदी अक्रोडापासून लांब लावायला मिळाली, ती तिच्या हातून लागली, वाढली, फुलली. पुरावा आम्हा तिघांच्या डोळ्यांसमोर डोलत होता. आम्ही त्याचं श्रेय भाजीच्या पाण्याला दिलं, आणि सगळ्यांत आधी ते दिलं तिनंच. मला वहिनीची इतकी आठवण आली की आत जाऊन मी उगाचच चहाचं आधण ठेवलं. तो प्यायला आम्ही दोघंही विसरलो.

पानं गळून झुडूप झोपी गेल्यावर ते हलवलं. तिसऱ्या मजल्यावरून दोघांनी खाली आणलं, वाटेत प्रत्येक जिन्यावर भांडलो, आणि बसनं नेलं. तिकीट खिडकीतल्या नव्या पोरीनं सामानाचं वेगळं तिकीट काढायला लावलं. बरोबरच होतं, मीही लावलं असतं. दादा सगळा रस्ता पिंपाला कवटाळून बसला होता आणि फांद्या त्याच्या धूळभरल्या भुवयांना टोचत होत्या.

पहिल्या उन्हाळ्यात खिडकीखालच्या पेटीत नुसती पानं आली. एका दुपारी ती लोंबली तेव्हा दादाचा असा फोन आला की मी चपला उलट्या घालून पळाले. पोचेपर्यंत पाणी पिऊन झुडूप ताठ झालं होतं आणि दादा त्याच्या शेजारी जमिनीवर बसला होता. "उठलं," एवढंच म्हणाला. पानगळीत त्यानं पेटीवर जाळी बांधली. तरी रोज संध्याकाळी जाळीवरचं एकेक पान उचलून लांब नेऊन टाकायचा. अक्रोडाकडं न बघता.

या उन्हाळ्यात कळ्या आल्या. नर्सरीवाल्या बाई म्हणाल्या, निळं हवं असेल तर माझ्याकडं एक पावडर आहे. दादा म्हणाला, "राहू दे. ती या रंगाला हसली होती."

गेंद उमलल्याचा निरोप आला तेव्हा मी दुसऱ्या दिवशी सकाळीच गेले. गुलाबी, लठ्ठ, हिरडीच्या रंगाचे. एक नाही, सगळं झुडूप भरलेलं. पण गेंद सगळे उजेडाकडं, अंगणाकडं तोंड करून होते आणि खिडकीकडं त्यांची पाठ. दादा वाकून पेटी ढकलत होता, चाकं फरशीवर कुरकुरत होती. फुलांची तोंडं घराकडं, स्वयंपाकघराच्या खिडकीकडं वळवण्याचा त्याचा खटाटोप चालला होता. रोज सकाळी तो हेच करतो, म्हणाला. दुपारी ऊन खायला पुन्हा अंगणाकडं फिरवतो.

माझा स्वभाव आडवा आला. "अरे, पण आत आहे कोण बघायला?" मी म्हटलं. म्हटलं आणि जीभ चावली.

दादा पेटीला टेकून उभा राहिला, त्या रिकाम्या खिडकीकडं बघत. काचेत त्याला त्याचाच चेहरा दिसत असणार, दुसरं काय. उत्तर देणारं माणूस नसलं की प्रश्न तोंडातच राहतो, तसा त्याचा राहिला होता. इतकी वर्षं त्याला बहीण आहे ती कशासाठी?

मी चपला काढल्या, आत गेले, स्वयंपाकघरात ओट्यापाशी, नळासमोर उभी राहिले. वहिनी माझ्यापेक्षा बुटकी होती, म्हणून जरा गुडघे वाकवले. काचेपलीकडं सगळं गुलाबी होतं, त्याच्या मागं दादाचं डोकं आणि त्याच्याही मागं अक्रोड. मी काचेवर बोटानं टकटक केलं.

दादानं वर पाहिलं. मला तिथं उभी बघून त्याचा चेहरा कसा झाला, ते मी सांगणार नाही. त्यानं दोन्ही हातांनी पेटी धरली आणि घसा खाकरून, जुन्याच मोठ्या आवाजात विचारलं, "दिसतंय का?"

अगदी समोर होतं. पान न् पान दिसत होतं.

"थोडं डावीकडे घे," मी म्हटलं.